बंद घरांच्या चाव्या

मी शेलार गावची, शेतकऱ्याची पोर. लग्न करून भिवंडीजवळ काल्हेरला आले तवा इथं भातशेतं व्हती, आता बघाल तिकडं गोडावनं आन त्यांच्या मधीमधी बिल्डिंगी. आमची बी जमीन गोडावनात गेली, सासूबाईंच्या नावावर रस्त्याकडचा एक गाळा तेवढा राहिला. तिथं आमच्या दिरानं, बाळाराम भावजींनी, घरं इकायच्या एजंटचा बोर्ड लावला आन मला फोन घ्यायला बसवलं.

काय सांगू तुमाला ताई, तवा जो तो एजंट. पानवाला एजंट, केबलवाला एजंट, हळदीला जेवायला बसलं तरी बाजूचा इचारायचा, वन बीएचके बघायचा हाय का. आमच्या रस्त्यावर बोर्ड इतके, की बिल्डिंगचं नाव दिसायचं न्हाय. मुंबईची माणसं घर घ्यायची, कुलूप लावायची, चावी एजंटकडं टाकून जायची ती जायचीच.

मग मंदी आली. फोन गप्प. केबलवाला परत केबलवर गेला, एक रिक्षावर गेला, दोघं गोडावनात ड्युटीला लागले. जाताना जो तो माझ्याकडं यायचा, वहिनी ह्या चाव्या ठेवा, घरमालक आला तर द्या. मी फळीवर खिळे ठोकत गेले. एजंट कमी होत गेले तशा फळीवर चाव्या वाढत गेल्या, आन एक दिवस भावजींनी बी आपला जुडगा टेबलावर टाकला. गोडावनात सुपरवायझर झाले. वर सासूबाईंना बोलले, गाळा चायनीजवाल्याला भाड्यानं द्या. सासूबाई मला बोलल्या, गावदेवीच्या जत्रेपातूर एक तरी घर इकलं जाऊ दे, न्हायतर खाली कर. हा गाळा गेला तर मी परत चुलीपाशी, दुसरं काय.

पण मी काय करायची, दर सोमवारी आन गुरुवारी चाव्या घेऊन निघायची. लिफ्ट बंद, जिने चढून दम लागायचा. खिडक्या उघडायची, नळ सोडायची, भिंतीची बुरशी पुसायची, कुलपात तेल घालायची. आमचे हे हसायचे, लोकांच्या घरात फुकट झाडू मारतेस, येडी हायस का. असंन येडी. आमच्याकडं भाताचं बियाणं बी कोंडून ठेवत न्हाईत, वारा लागायला पायजे, मग घर कसं कोंडायचं?

जत्रेला आठ दिवस राहिले आन भिवंडीच्या नसीम आपा आल्या, कापडाच्या लूमवाल्यांच्या घरातल्या. तोंड वैतागलेलं. बाहेरच्या एजंटनं दोन घरं दाखवली, एकाचं कुलूपच उघडलं न्हाय, दुसऱ्यात वासानं उभं राहवंना. मी चौथ्या मजल्यावर नेलं. चावी लोण्यासारखी फिरली. नळाला पाणी, खिडकीतून वारा. आपा नाक वर करून वास घेत उभ्या राहिल्या, बोलल्या, यहाँ कोई रहता है क्या? मी बोलले, न्हाय आपा, मी वारा घालायला येते. त्या तिथंच लादीवर बसल्या. बोलल्या, टोकन आज ही लो. आन पुढच्या गुरुवारी आपल्या बहिणीला बी घेऊन आल्या.

जत्रेच्या दिवशी सासूबाईंनी सोता गाळ्यावर नारळ फोडला, चायनीजवाल्याला दुसरीकडं बघ म्हणून सांगितलं. मी रडले बघा, खोटं कशाला बोलू.

आता गिऱ्हाईक परत यायला लागलंय, बोर्ड बी परत लागतायत. पण चाव्या माझ्या फळीवर, म्हणून सगळ्यांना आधी इथं यावं लागतं. गेल्या महिन्यात भावजी दारात येऊन उभे राहिले. मग बोलले, वहिनी, बाजूला एक खुर्ची टाकू का? मी बोलले, टाका की भावजी, गाळा घरचाच हाय. पण सोमवारी खिडक्या उघडायला तुमी जायचं.

गावदेवी सगळ्यांना घर देवो, आन घराला माणूस देवो. आज सोमवार न्हाय का? ते बघा समोर, दुसऱ्या मजल्यावर खिडकी उघडतायत ना, ते आमचे भावजी.