गल्लीच्या किल्ल्या

सुट्टीत घरीच थांबणार म्हणतोस? मग आधी माझं ऐक. यंदा मी बायकोला म्हटलं, "कुठं जायचं न्हाय. घरीच लोळू, दुपारी मस्त झोपू." गल्लीत ही बातमी कशी पसरली देव जाणे. दुसऱ्या दिवशी शेजारच्या मंगलवहिनी बॅगांसकट दारात.

"भाऊजी, आमी कोकणात चाललोय. किल्ली ठिवा. नळ आला की आमची टाकी तेवढी भरा. तुमी घरीच हाय की!"

सोलापुरात पाणी कवा येईल याचा नेम नाही, मग नाही कसं म्हणणार? त्यांचं बघून समोरच्यांनी किल्ली दिली, पलीकडच्यांनीही दिली. झोप राहिली बाजूला, मी नळाला कान लावून बसलो. एकदाचं पाणी आलं. दुसऱ्यांची जबाबदारी आधी, म्हणून एका घरात मी पळालो, दुसऱ्यात बायको. सगळ्यांच्या टाक्या भरून आपल्या नळाशी आलो, तर तो नुसता फुस्स करून गप्प.

वहिनी परत आल्या, तेव्हा बायको घागर घेऊन त्यांच्या दारात गेली. वहिनी तोंडाला पदर लावून म्हणाल्या,

"अगंबाई, पाणी भरलं न्हाय व्हय? तुमी तर घरीच होता की!"