सातवी सही

वहाब : सहा जणांची नावं खुशाल घे. सातव्याची गोष्ट तेवढी कीर्तनात आणू नको, फकिरा. हात जोडतो.

फकिरा : वहाबभाई, उद्या आपल्या लिफ्टमन युनियनला चाळीस वर्षं होतात. पोरांनी मलाच सांगितलंय, इतिहास कीर्तनातून सांगा. नारदाच्या गादीवर उभं राहून खोटं कसं बोलू?

वहाब : खोटं नको बोलू. चूप बस.

फकिरा : टाळ वाजायला लागल्यावर चूप बसता येतं व्हय?

वहाब : अरे भाई, तेव्हा आख्ख्या शहरात लिफ्ट चालवणारे आम्ही सहा. युनियन नोंदवायला कायद्याला पाहिजेत सात. म्हणून तुला धरला. क्रांती चौकातल्या शेठनं तुला टोपी दिली, खाकी डगला दिला, फक्त लिफ्ट द्यायची राहिली.

फकिरा : मुंबईहून येणार होती.

वहाब : अकरा महिने येतच होती. तू आपला लिफ्टसाठी ठेवलेल्या खड्ड्याच्या तोंडाशी बसून.

फकिरा : कुणी आत पडू नये म्हणून.

वहाब : स्टुलावर बसून. आमची मागणी काय, तर बारा तास उभं राहून पाय सुजतात, स्टूल द्या. आणि त्या अर्जावर सातवी सही कुणाची, तर शहरातल्या एकुलत्या एक बसलेल्या लिफ्टमनची.

फकिरा : तेच तर उत्तररंगात घेणार हाय. लोक लई हसतील.

वहाब : हसतील, अन् उद्यापासून तुला, युनियनच्या अध्यक्षाला, बिनलिफ्टचा लिफ्टमन म्हणतील.

फकिरा : म्हणू द्या. मला भीती एकाच माणसाची. आमच्या हिला अजून ठाऊक नाय.

वहाब : काय सांगतो? भाभीला? चाळीस वर्षं?

फकिरा : हळू बोला. लग्न जमलं तेच मुळी, पोरगा लिफ्ट चालवतो म्हणून. सासऱ्यानं गावभर पेढे वाटले. आता कुठल्या तोंडानं सांगू?

(मनकर्णाबाई चहा घेऊन दारात उभ्या.)

मनकर्णाबाई : त्या तोंडानं अगोदर चहा प्या. म्हंजी ती दोरी ओली नव्हती तर.

वहाब : कोणती दोरी, भाभी?

मनकर्णाबाई : लग्नाला पंधरा दिवस झालेले. लिफ्टीत बसवतो म्हणून वेरूळहून आणलं मला, नवं लुगडं नेसवून. तिथं गेल्यावर म्हणत्यात, आज दोरी धुतलीय, वाळायची हाय, पायीच जाऊ. पाच मजले चढवले.

वहाब : या अल्ला.

मनकर्णाबाई : मी माहेरी जाऊन सांगितलं, लिफ्टीची दोरी दर मंगळवारी धुत्यात. बाया विचारायच्या, साबण कोणता लावत्यात.

वहाब : थांबा भाभी, थांबा. चहा नाकात गेला.

फकिरा : चुकलो मी. तू म्हणशील तर उद्या तेवढं सगळं गाळतो.

मनकर्णाबाई : वहाबभाऊ, त्या सहीनं तुम्हाला स्टुलं मिळाली का नाय?

वहाब : मिळाली की. दोन महिन्यांत, सहाच्या सहा.

मनकर्णाबाई : मग गाळता कशाला? खड्डा सांगा, दोरी सांगा. साबणाचं बी सांगा.

फकिरा : तुला राग नाय आला?

मनकर्णाबाई : लिफ्ट असती तर टोपी घालून परक्यावानी उभे राहिला असता. जिना होता म्हणून पाच मजले माझा हात धरला होता.

फकिरा : हे बी सांगू उद्या?

मनकर्णाबाई : ते राहू द्या. ते युनियनचं नाय.