थीमले घातलेला हार

तुम्ही हसा, पण आमच्या घरी नवी वस्तू आली का पहिले हार, मग वापर. आमच्या नेर गावातच बसून कुरड्या-पापडाचं ऑनलाइन दुकान काढलं, तवा सासूबाईनं लॅपटॉपचीच पूजा केलती.

मागच्या महिन्यात एका कंपनीतून फोन आला. हे लोक थीम, म्हणजे साइटचं तयार डिझाइन विकतात. तो माणूस म्हणे, "तुमची थीम चोरीची आहे. संध्याकाळपर्यंत साइट बंद करा."

"पैसे देऊन घेतली. बंद कायले करू?"

"मग लायसन्स नंबर पाठवा."

नंबरचा मेल काही सापडेना. मंग आठवलं, थीम घेतल्या घेतल्याच स्क्रीनले हार घालून तिचीही पूजा केलती, फोटो काढलता, अन् नंबर स्क्रीनवरच होता. तोच पूजेचा फोटो पाठवून देला.

त्याचा परत फोन. "मॅडम, अर्धा नंबर झेंडूखाली आहे."

"जेवढा दिसून राह्यला, तेवढा जुळवून पाहा. हार काही निघणार नाही."

तिकून कीबोर्डची बटणं वाजली. मंग म्हणे, "जुळला. सॉरी मॅडम, साइट चालू ठेवा."

सासूबाईनं माझ्या हातून फोनच घेतला. "चालूच आहे, भाऊ. चोरीच्या मालाले आमच्या घरी हार घालत नाही."