जैनबले पानी कोनी द्याचं?

दिवस भरत आलेली शेजारीन रोज्यात चक्कर येऊन पडली, पानी पे म्हनलं तं मान हालवते, आन तिच्यापाशी तुमी किरिस्ताव, तं काय करान तुमी, सांगा? मी तं दवाखान्यातली नर्स, पन मले बी काही सुचलं नोतं.

काय सांगू तुमाले, मी मूळची वडनेर भोलजीची. आजा किरिस्ताव झाला म्हनून गावानं त्याले वाळीत टाकला, मंग बाप मिशनच्या शाळेत शिकला, मी नर्सिंग शिकली आन मोताळ्याले मिशनच्या दवाखान्यात लागली. महाराष्ट्र नवा नवा झाला होता तवाची, दोन-तीन सालामागची गोष्ट. माझी एका भिताडाची शेजारीन जैनब, पिंजाऱ्याची सून. नवरा गावोगाव गाद्या पिंजाले जाये, घरात थे आन तिची बहिरी सासू, सारी गल्ली तिले खालाच म्हने.

रमजान लागला. त्या साली आमचा लेंट बी संगच आला, ईस्टरच्या आधीचे आमचे उपासाचे दिवस. जैनब हासे, म्हने बाई, च्या पिता आन उपास म्हनता, हा कसला व उपास! मी म्हनलं, मटन सोडलं व, ते काय कमी हाय? तिच्या भिताडाकडची चूल मी दुपारी पेटवत नोती, फोडनीचा वास जाते ना. कोनी सांगतलं नोतं, पन उपाशी मानसाच्या नाकाले काऊन तरास द्याचा?

पन मले धाक होता. तिचं पहिलं लेकरू पोटातच गेलेलं, म्हनून तिनं मन्नत केली होती, हे लेकरू जगलं पायजे, एक रोजा सोडनार नाही. पाय सुजले, ओठ फुटले, मी रोज इचारो, हालते का व? थे म्हने हालते. मंग एक दिवशी म्हने, सकाळपासून गप हाय. दवाखान्यात चाल म्हनलं, तं आयकली नाही.

त्या दिवशी दवाखान्यात आमच्या चर्चचे पाळकसाहेब आले होते, त्याइच्यापाशी जीव मोकळा कराले गेली, तं म्हने मार्थाबाई, हीच वेळ हाय, तिले सांगा उपासानं तारन होत नाही, देवानं तुमच्यासाठी दार उघडलं. माझ्या आंगाचा भडका झाला. म्हनलं साहेब, त्या दारातून मी नाडी पाहाले जाते, शिकवाले नाही. अडल्या-नडल्या बाईपाशी धर्म काढाचा, हे कोन्या पुस्तकात लिहेल हाय? रागावले, निंघून गेले.

घरी येते तं जैनब चुलीपाशी पडेल, खाला डोक्याशी रडून राह्यली. पानी धरलं, तिनं तोंड मिटलं. म्हने बाई, मन्नत मोडू नका, लेकरू जाईन. मी म्हनलं पानी नाही पेली तं जाईन. थे म्हने, तुमी किरिस्ताव, तुमी तं असंच म्हनान. काळजात लागलं, पन खरं होतं, माझा शब्द तिच्या कामाचा नोता. जबरीनं ओतावं का? हात उचलला बी होता. पन उद्या लोक म्हनतीन, मिशनच्या बाईनं रोजा तोडला, आन मंग त्या गल्लीतली एक बी बाई बाळंतपनाले दवाखान्यात येनार नाही.

पळतच मशिदीपाशी गेली. दुपारची नमाज सुटून राह्यली होती. डोक्यावर पदर घेतला, फाटकाबाहेरच उभी राह्यली. एक जन म्हने, काऊन व बाई, इथं काय काम? म्हनलं पेशइमामसाहेबाले बलवा, बाई मराले लागली. इमामसाहेब बुढे, त्याइच्या सुनेचं बाळंतपन माझ्या हातचं, म्हनून आयकून तं घेतलं, पन मलेच रागावले, म्हने आधी काऊन नाही आली? पोटुशीले सूट हाय. म्हनलं मले माहीत हाय, पन माझं कोन आयकते, तुमी चला. त्याइची काठी हळूहळू पडे, मी चार पावलं पुढं जाऊन वळून पाहो.

जैनबच्या दारात पडद्याबाहेर उभे राहून इमामसाहेब म्हनाले, बेटी जैनब, तोड दे रोजा, बाद में रख लेना, अल्लाह सख्ती नहीं चाहता. आतून आवाज आला, मेरी मन्नत? म्हने, पहले जान सलामत, मन्नत बाद में पूरी कर. खाला इचारे, क्या बोले, क्या बोले? तं बाहेर जमलेल्या गल्लीतल्या चार बाया एकदम ओरडल्या, पानी पिलाव बोले, खाला, पानी!

जैनब माझ्या हातून पानी पेली. मी पोटाले कान लावला, बराच येळ काही नाही, मंग लागले ठोके. ईदीनंतर पोरगी झाली.

पाळकसाहेब अजून माझ्यासंग नीट बोलत नाहीत. आता माझी बदली दुसरबीडले झाली, पुन्हा रमजान लागला हाय, आन समोरच्या घरची एक पोटुशी बाई भिताडाले हात लावत लावत चालते. मले तिचं नाव माहीत नाही, इथले इमाम कोन ते बी नाही, झोप लागत नाही मले, सकाळी तिच्या दारात जातेच. तुमी वाचनारे किरिस्ताव असा, कोनी बी असा, आजच शेजारच्या रोजेदार बाईच्या दारात जा. तिचं नाव इचारा, दुखते-खुपते ते इचारा, आन ती कोनाचं आयकते ते बी इचारून ठेवा.