चाळिसाव्या पानावरचा खुनी

२०२३ च्या मे महिन्यात गुलमंडीच्या वाचनालयात कुलरसमोर बसलेल्या सरूबाईंच्या कानावर कॉलेजच्या दोन मुलींचं बोलणं पडलं.

“खुशनुमा, मी ही कादंबरी परत करणार.”

“का गं तनुजा? धुक्यातला बंगला, बंद खोली, लई भारी आहे.”

“व्हय, पण चाळिसाव्या पानावर कुणीतरी पेन्सिलीनं लिहून ठेवलंय, ‘खुनी डॉक्टरच!’ सुट्टीची सगळी मजा गेली माझी.”

“खाली ‘स’ काढलाय बघ. वाचल्याची खूण ठेवतात जुन्या बायका.”

“खूण ठेव म्हणावं, खुनी कशाला सांगतेस?”

“या बाईनं पुढं वाचलंच नाय वाटतं.”

“म्हंजे डॉक्टर नाय?”

“मी पूर्ण वाचलीय. आता तू वाच.”

“अगं, सांग की!”

“या अल्ला! आत्ता तर रडत होतीस.”

“पोरींनो,” सरूबाई न राहवून म्हणाल्या, “डॉक्टर नाय, तर मग कोण?”

“आजी, नंबर लावा!”

तनुजानं कादंबरी दोन दिवसांत संपवली. खुशनुमा पुढं बजाजनगरला नोकरीला लागली. तनुजानंतर कादंबरी सरूबाईंनी नेली. चाळिसावं पान आता रबरानं खोडून कोरं झालंय. शेवटच्या पानावर मात्र पेन्सिलीनं लिहिलंय, ‘मला पहिल्यापासून हाच वाटत होता. – स.’