बॉनेटवरचे तीन पट्टे

तुम्हीच सांगा, ओल्या रंगावर कुणी भस्म फासतं का? आयुधपूजेला मल्लेश्वरमात घरोघरी गाड्या पुजतात, मान्य. पण बाबांची जुनी स्पोर्ट्स कार मी चार महिने अंगणात हातानं घासली होती. त्या सकाळी हिरव्या रंगाचा शेवटचा हात देऊन चहा प्यायला आत गेलो. बाहेर येतो तर शेजारच्या अक्का ताट घेऊन उभ्या, आणि बॉनेटवर तीन बोटांचे लांबलचक पट्टे!

"अहो अक्का, रंग ओला होता!" मी ओरडलो.

त्या माझ्यावरच उखडल्या. "सणाच्या दिवशी माझी बोटं हिरवी केलीस! सकाळपासून गल्लीतल्या सगळ्या गाड्या पुजल्या, एकीचाही रंग हाताला आला नाही. स्वल्प चांगला रंग आणायचास की!"