माणिकराव जिथे गप्प झाले

अनसिंगच्या एसटीत माझ्यापुढच्या बाकावर एक म्हातारी आणि वाशीमचे गळ-दोरीचे दुकानदार माणिकराव बोलत होते.

“पंचफुलाबाई, खिडकीपाशी बसा.”

“बसली. माणिकभाऊ, तुमच्यासमोर एवढं मोठं दुकान झालं, तरी लोक तुमच्याचकडे काहून येतात?”

“गळ त्याच्यापाशीबी तेच हायत. पण गळ घ्याले आला का माणूस सांगते, मी अमक्या पाण्यावर बसतो. तसा गळ मी त्याले देतो. जागा मात्र माह्या पोटात राह्यते. एकाची दुसऱ्याले सांगतली, का दुकान बसलंच समजा.”

“आमच्या घरचे तुमच्याकडूनच गळ नेत.”

“जगदेवभाऊ तं घरचेच होते.”

“कुठी बसत, मले कदी सांगतलं नाई. इचारलं का हासत. कोणत्या उन्हात बसले असतील, याचाच मले घोर राहे. आता ते गेले. मले फक्त ती जागा पाहाची हाय, भाऊ.”

“गिऱ्हाइकाची जागा माह्या तोंडातून निघत नाई, बाई.”

“गेलेल्या माणसाचीबी नाई?”

“नाई. पण मी आता बोलतच राह्यतो. जिथी गप्प होईन, तिथी बाहेर पाहा.”

एसटी सुटली. माणिकराव सोयाबीनचं बोलले, नातीच्या लग्नाचं बोलले, लग्नातल्या बुंदीचं बोलले. एका वळणावर ते अर्ध्या वाक्यात थांबले.

खाली तलाव होता, काठाला चिंच होती.

“सावली हाय, भाऊ,” पंचफुलाबाई म्हणाल्या. “चांगली दाट सावली हाय.”